हुरड्याचा थाट शहरात, शेतकऱ्याचा वाटा किती?



आपल्या ज्वारीला बरे दिवस आल्याची चर्चा गेली काही वर्षे सगळीकडे चालू आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून तर शहरातल्या दुकानांना ज्वारी, बाजरी, नाचणीचे वेडच लागले. पुण्या-मुंबईत ज्वारीची बिस्किटे मिळतात, ज्वारीचा केक मिळतो, लाह्यांचा मसालेदार चिवडा मिळतो, ज्वारीच्या पिठाचा पिझ्झासुद्धा मिळतो. गणपतीत चॉकलेटचा मोदक येऊन तर बरीच वर्षे झाली. खोकला झाला की आजी बळेबळे पाजायची ते हळदीचे दूध हॉटेलवाले फेस आणून ‘टर्मरिक लाटे’ या नावाने कपाकपाने विकतात. थंडी पडली की गाड्या भरभरून माणसे हुरडा खायला शेतावर येतात, आगटीभोवती फोटो काढतात आणि माणशी पैसे मोजून जातात.

या सगळ्याकडे बघण्याच्या आपल्या गावात दोन तऱ्हा दिसतात. पारावरची वडीलधारी मंडळी म्हणतात, “काय हे शहरातल्या लोकांचे चाळे! ज्वारीचा कुठं केक असतो व्हय?” आणि तरुण पोरे मोबाईलवर एखादी चित्रफीत बघून येतात अन् विचारतात, “साहेब, आता सगळ्या रानात हुरड्याचीच ज्वारी टाकू का?” हसून सोडून देणे हेही बरोबर नाही आणि हुरळून जाणे हेही बरोबर नाही. प्रश्न साधा आहे. ओळखीच्या पदार्थाला नवे रूप दिले की गिऱ्हाईक जादा पैसे देते. ते जादा पैसे कुणाच्या खिशात जातात? ते रूप गावात दिले तर गावाच्या, आणि शहरात दिले तर शहराच्या. आजच्या लेखात एवढीच एक गोष्ट मांडायची आहे.

साबुदाणा काय आपला होता?

पहिल्यांदा वडीलधाऱ्यांच्या शंकेबद्दल. नवा पदार्थ म्हणजे भ्रष्टाकार, असे आपण चटकन बोलून जातो. पण एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचेच बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिकडचाच. हिरवी मिरची अमेरिकेतली, बटाटाही अमेरिकेतला. पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिके इकडे आली आणि आपल्या आया-आज्यांनी त्यांना असे रूप दिले, की आज तीच खिचडी उपवासाचा मुख्य पदार्थ होऊन बसली. तेव्हा पदार्थ बदलत आलेच आहेत आणि यापुढेही बदलणार.

याच साबुदाण्यात आपल्यासाठी आणखी एक धडा आहे. आपण महाराष्ट्रात जो साबुदाणा खातो, त्यातला फार मोठा भाग तमिळनाडूतील सेलमच्या परिसरातून येतो. तिथे कसाव्याचे पीक आहे आणि पिकाच्या जवळच कंद धुऊन, दळून, सत्त्व काढून दाणा करण्याचे कारखानेही आहेत. या कारखानदारांनी १९८१ साली सहकारी संस्था काढून विक्रीची घडी बसवली. उपवास आपण करतो, आणि दाण्याचे रूप देण्याची मजुरी सेलमला राहते. आपल्या ज्वारीचे मात्र उलटे चालले आहे. पोते आपल्याकडून जाते आणि रूप दुसरीकडे मिळते.

दीड रुपयाचा हिशेब

आता वहीत आकडे मांडू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर केली. म्हणजे किलोला साधारण साडेसदतीस रुपये. बाजारात कधी यापेक्षा जास्त मिळतात, कधी कमी, पण हिशेबाला हा दर धरू.

समजा, शहरातल्या दुकानात २०० ग्रॅमचा ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा आहे आणि त्याच्या मागे बारीक अक्षरात ज्वारीचे पीठ २० टक्के असे लिहिले आहे. वीस टक्के म्हणजे चाळीस ग्रॅम. चाळीस ग्रॅम ज्वारीचे या दराने होतात दीड रुपया. पुडा साठ रुपयांना विकला जावो की ऐंशी रुपयांना, शेतकऱ्याच्या ज्वारीची किंमत त्यात दीड रुपयाच राहते. पुड्यावर कणसाचे चित्र मोठे असते, धोतर-फेट्यातला शेतकरीही काढलेला असतो, पण पैशाच्या वाटणीत तो चित्रापुरताच असतो.

यात बिस्किटवाल्याला शिव्या देण्याचे कारण नाही. त्याने भट्टी घातली, पुडा छापला, दुकानात जागा मिळवली, विकले न गेलेले बिस्कीट परत घेतले. जोखीम त्याची आणि पैसाही त्याचा. तथापि या साखळीतल्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या अशा आहेत, की त्यांना ना मोठे भांडवल लागते, ना शहरातली जागा. धान्य स्वच्छ करणे, खडे काढणे, दाण्याची प्रतवारी करणे, ताजे पीठ दळणे, लाह्या फोडणे, भाकरी कडक करणे ही कामे गावात होऊ शकतात. ती सोडून आपण चाळणही न मारता पोते आडतीवर टाकतो आणि पट्टी हातात आली की दराच्या नावाने बोटे मोडतो.

पिठाची विरी आणि पुड्यावरची अक्षरे

शहरातल्या बिस्किटात ज्वारी इतकी कमी का असते, हे आपल्या बायकांना सांगायला नको. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकटी नसते. म्हणून तर भाकरीला पीठ उकळत्या पाण्यात मळायचे. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फुटतात. केक-बिस्किटाचेही तेच. निव्वळ ज्वारीचा केक भुगा होऊन पडतो, म्हणून कुणी मैदा घालतो, कुणी गव्हाचे पीठ, कुणी अंडे तर कुणी केळे.

मैदा घालायला हरकत नाही, पण तो घातला आहे हे सांगायला हवे. पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत असा नियमच आहे. तेव्हा यादीत मैदा आणि साखर आधी आणि ज्वारी चौथ्या नंबरवर दिसली, तर ते मैद्याचे बिस्कीट आहे एवढे समजून घ्यावे. आपल्या बचत गटांनीही हे पथ्य पाळावे. शंभर टक्के ज्वारी लिहायचे आणि निम्मा गहू घालायचा, हा धंदा एक हंगाम चालतो. ज्याला गव्हाचे पथ्य आहे असे गिऱ्हाईक ज्वारीचा पदार्थ मुद्दाम मागून नेते. त्याला खोटे सांगून गहू खाऊ घातला तर ती नुसती फसवणूक होत नाही, त्याच्या तब्येतीशी खेळ होतो.

काय करायचे ते ठरवा, मग पेरा

आपल्याकडे ज्वारी म्हटली की मालदांडी. भाकरीला गोड, कडब्याला चांगली आणि कोरडवाहूत तगून राहणारी, म्हणून तिचा मान मोठा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्वारीचे कोठार म्हणून त्या भागाची ओळख जुनी आहे आणि दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांना खुली केल्याची कथा घराघरात माहीत आहे. पण भाकरीची ज्वारी लाहीला चांगली असेलच असे नाही आणि लाहीची ज्वारी हुरड्याला गोड लागेल असेही नाही.

कृषी विद्यापीठांनी यासाठी वेगवेगळे वाण दिलेले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे हुरड्यासाठी, फुले पंचमी लाह्यांसाठी आणि फुले रोहिणी पापडासाठी. परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत हाही हुरड्याचा वाण. गावरान वाणांत गूळभेंडीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हुरड्याच्या वाणात दाणा दुधाळ-चिकाच्या अवस्थेत गोड असतो आणि भाजल्यावर कणसातून सहज सुटतो. लाहीला दाणा कठीण लागतो, म्हणजे तापल्यावर आतली वाफ कोंडते आणि दाणा फुटून फुलतो. ठिसूळ दाण्याची लाही होत नाही, गणंगच जास्त राहतात. नागपंचमीला लाह्या फोडणाऱ्या आजीबाईला हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण कुठल्या रानातली ज्वारी लाहीला घ्यायची ते तिला बरोबर कळत होते.

हुरड्याबाबत वेळेचे गणित आणखी नाजूक आहे. पेरणीपासून साधारण ९० ते १०० दिवसांत कणीस हुरड्यावर येते आणि एका तुकड्यातला हुरडा फार तर आठ-दहा दिवस कोवळा राहतो. सगळे रान एका दिवशी पेरले तर सगळा हुरडा एकदमच येणार आणि निम्मा जून होणार. रब्बी ज्वारीच्या पेरणीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. त्या महिन्याच्या आतच आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन तुकडे पाडून पेरले, तर हुरडा टप्प्याटप्प्याने मिळतो. पाहुणे मात्र शनिवार-रविवारीच येतात. मधल्या दिवसांत कणसे शहरात कुणाला द्यायची, त्याची बोली आधीच झालेली बरी. आणि गोड दाण्यावर पाखरे आधी येतात, तेव्हा राखणीचा खर्चही हिशेबात धरावा.

कडक भाकरीचा धडा

नवे रूप म्हणजे केक आणि पिझ्झाच असे कुणी समजू नये. आपल्या सोलापूरची कडक भाकरी बघा. पातळ थापायची, भाजायची आणि पाणी पार निघून जाऊन खुटखुटीत होईपर्यंत शेकायची. पाणी गेले की बुरशी लागत नाही, म्हणून ती बरेच दिवस टिकते. प्रवासाला, रानात, लांबच्या मुक्कामाला न्यायची ही शिदोरी. आज तीच भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर पाकिटातून पुण्या-मुंबईला जाते, परदेशी निघालेली मंडळीही बॅगेत घालून नेतात. यात मैदा नाही, साखर नाही, मोठे यंत्र नाही. या पदार्थात ज्वारी निखळ असते आणि जादा किंमत असते ती थापणाऱ्या हाताची. तो हात आपल्याच जिल्ह्यातल्या बाईचा आहे. पदार्थ जुनाच आहे, फक्त पाकिटात गेला. माझ्या मते गावाने धरावी अशी वाट ही आहे.

ही वाट पुढे नेता येते. तीच कडक भाकरी लहान आकाराची, एका घासाची केली तर शाळेच्या डब्यात जाईल. तीळ, जिरे, मेथी, लसूण घालून चार चवींची केली तर दुकानदार चार पाकिटे ठेवील. लाह्यांना गुळाच्या पाकाची वा शेंगाच्या चटणीची जोड देता येईल. ज्वारीचे पोहे, रवा, शेवया यांचे तंत्र हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पण त्याला यंत्रे लागतात, म्हणून सुरुवात लाही आणि भाकरीपासून करावी, यंत्राकडे नंतर वळावे.

नव्याचे नऊ दिवस

आता हुरळून जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. खाण्यापिण्याची हौस वाऱ्यासारखी असते. आज ज्वारीचा केक, उद्या दुसरेच काही. इमूपालनाची आठवण अनेकांना असेल. इमूचे मांस, अंडी, तेल यांना मोठी मागणी आहे असे ऐकून शेतकऱ्यांनी कर्जे काढून पक्षी पाळले. प्रत्यक्षात धंदा एकमेकांना पिल्ले विकण्याचाच होता, खाणारे गिऱ्हाईक फारसे नव्हतेच. २०१२ च्या सुमारास तो फुगा फुटला आणि पक्ष्यांना खाद्य घालणेसुद्धा मुश्कील झाले. त्यातून घ्यायचा बोध असा, की माल तयार करण्याआधी तो शेवटी खाणार कोण, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावे.

ज्वारीचे एक बरे आहे. केक विकला नाही तरी भाकरी आहे, आणि भाकरी नको असेल तरी कडबा आहे. कित्येक घरांत ज्वारी पेरतात ती जनावरांच्या दावणीसाठीच. म्हणून हुरड्यासाठी पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा राखावा, बाकी रान धान्य-कडब्यालाच ठेवावे. हुरडा काढला की त्या तुकड्यातले दाणे गेले, हातात हिरवा चारा राहिला, हेही ध्यानात असू द्यावे. बचत गटानेही एकदम मोठे कर्ज उचलू नये. आधी दहा किलो ज्वारीच्या लाह्या करून आठवडी बाजारात, यात्रेत, एसटी स्टँडवर विकून बघाव्यात. तिसऱ्या आठवड्याला तेच गिऱ्हाईक परत आले, तर पुढचे पाऊल टाकावे.

गावकारभाऱ्यांनी काय करावे

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेब यांना नम्र विनंती. पत्र्याचे गाळे बांधून फीत कापली म्हणजे उद्योग उभा राहिला असे होत नाही. चार गोष्टी मात्र ग्रामपंचायतीच्या हातातल्या आहेत.

एक, धान्य स्वच्छ करण्याचे आणि खडे काढण्याचे यंत्र गावात असावे आणि ते गटाच्या ताब्यात चालू स्थितीत असावे. खडा लागलेली भाकरी कोणी दुसऱ्यांदा विकत घेत नाही.

दोन, अन्नपदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, अगदी घरून विकायचा असला तरी. बायाबापड्यांना त्या कामासाठी हेलपाटे पडू नयेत म्हणून ग्रामपंचायतीच्या संगणकावरून अर्ज भरून द्यावा. स्वच्छ पाणी, झाकण असलेली भांडी, पाकिटावर तयार केल्याची तारीख या गोष्टी कागदाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तीन, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते आणि बचत गटाच्या सदस्याला बीजभांडवलाचीही सोय होती. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात. तेव्हा आधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी आणि मगच यंत्राचे दरपत्रक मागवावे. अनुदान मिळते म्हणून यंत्र घ्यायचे असे करू नये. यंत्राला वर्षभर पुरेल एवढे काम आहे का, हे आधी बघावे.

चार, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या गावातली पोरे काय खातात तेही एकदा बघावे. किराणा दुकानापुढे सकाळी शाळेला निघालेल्या पोराच्या हातात पाच रुपयांचा तळलेला पुडा असतो. शहरातली आई पैसे मोजून पोराला ज्वारीची लाही देते आणि ज्या रानात ती ज्वारी पिकली, त्या रानाच्या मालकाचे पोर मैद्याच्या नळ्या खाते. ग्रामसभा, स्वातंत्र्यदिन, शाळेचे स्नेहसंमेलन, हळदीकुंकू अशा प्रसंगी खाऊ म्हणून गावच्याच गटाकडून लाह्यांचा चिवडा, ज्वारीचे लाडू घेतले, तर गटाला पहिले गिऱ्हाईक गावातच मिळेल. शहरातली हौस ओसरली तरी हे गिऱ्हाईक कुठे जात नाही. शिवाय पोरांनी तोंड वाकडे केले की चवीत काय चुकले तेही लगेच कळते, त्यासाठी वेगळी पाहणी करायला नको.

असो. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण आपण फार वर्षे तक्रारीच्या सुरात म्हणत आलो. शहराची हौस चांगली की वाईट, टिकेल की जाईल, हे ठरवणे आपल्या हातात नाही. पोते उसवून चाळण मारणे, लाही फोडणे, भाकरी थापणे आणि पाकिटावर खरे लिहिणे मात्र आपल्या हातात आहे. येत्या हंगामाला बियाण्याची पिशवी घेण्याआधी घरातल्या कारभारणीला विचारा, की यंदा ज्वारीचे काय करायचे. भाकरी, लाही, पापड की हुरडा? उत्तर ठरले की वाण ठरवायला कृषी कार्यालयात या. माझ्यासारखी विस्ताराचे काम करणारी माणसे त्यासाठीच आहेत.